तांब्याचं औषध अन् बुढीचा पाय

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. बुढी म्हणे, "आवो, तुमच्या वाटीत दाण्यापेक्षा अळ्या जास्त हायेत."

"तुह्या हातच्या आमटीत कोणाले कळते," मी म्हटलं.

हासत हासत ती उठली. फरशीवर रक्ताचा डाग. तुराटीची काडी तळव्यात घुसली होती अन् तिले पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याहून अकोल्याले गेलो. डॉक्टर म्हणाले, "न्यूरोपॅथी आहे." म्हणजे शुगरनं पायाच्या नसा मेल्या, काटा रुतला तरी कळत नाही. "आजच भरती करा. जखम साफ करून इन्सुलिन चालू करू."

बुढी म्हणे, "तूर घरात येऊ द्या, मग होते भरती."

परतताना अकोल्यातच, जठारपेठेत, एक औषधाचं दुकान लागलं. आत पांढरा कोट घातलेला माणूस. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, काहीच नाही. कोट तेवढा इस्त्रीचा.

"कॉपर पेप्टाइड, मावशी. तांब्याचं औषध. लॅबमध्ये तपासलेलं. नवी कातडी येते."

तांबं म्हटल्यावर बुढी पाघळली. जन्मभर तांब्याच्या गडव्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पिणारी बाई ती. "तांबं काय वाईट करन?" म्हणे. मलेही पटलं. घरचंच वाटलं ना.

शिशी घेतली. केवढी, अंगठ्याएवढी. थेंब पुरेनात, तर तिनं गडव्यातल्या पाण्यानं जखम धुणं सुरू केलं. दुकानदाराले फोन लावला. तो शहाणा म्हणे, "धुवा की, तेही तांबंच."

वरून जखमेवर साय धरली. बुढी मले पाय दाखवून म्हणे, "पाहा, भरून राहिली." आतून सडून राहिली होती. वास सुटला, ताप चढला, तवा अमरावतीले नेलं.

तिथं गँगरीन सांगितलं. म्हणजे मांस मेलं. घोट्याच्या वर पाय कापला. बाहेरच्या बाकावर मी शिशी मुठीत धरून बसलो होतो. डॉक्टरीणबाईनं ती मागितली, वाचली.

"बाबा, पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारीक तुकडा. त्याला तांबं जोडतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर, उंदरांवर प्रयोग करतात. काही प्रयोगांत कातडी लवकर भरताना दिसते. पण तो शोध अजून चालू आहे. सडत्या पायाचा इलाज नाही तो."

"मंग तो कोटवाला?"

"त्याने बशीतलं यश तुम्हाला विकलं."

शोध करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी बुढीले बोलावलं नव्हतं. पण उंदराची कातडी दाखवून माणसाचा पाय खाणारा हा कोटवाला, याच्यापेक्षा तुरीतली अळी बरी. ती आपल्या तोंडापुरतं खाते.

मग सेप्सिस झालं, म्हणजे जखमेचं विष रक्तात गेलं. बुढी गेली. अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात, भादरल्या डोक्यानं, खांद्यावर पंचा टाकून मी एस.टी.त बसलो. भावकी नको नको म्हणत राहिली. जठारपेठेतल्या दुकानात शिरलो अन् त्याच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसलो.

मले पाहून तो दचकला. "काका, सुतकात दुकानात नाही येत. बाहेर थांबा."

"काहून? तुह्या तांब्याले विटाळ होते का?"

हात धरून बाहेर काढावं तर मले शिवावं लागते. तो गल्ल्यामागंच चुळबुळत राहिला.

बाजूच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. अंगठ्याले चिंधी, हातात तसलीच शिशी. मी विचारलं, "बाई, शुगर हाय का?"

तिनं मान हालवली.

"मह्या बुढीलेही होती. काल जाळून आलो. ते ठेव खाली, दवाखान्यात जा."

बाईनं शिशी ठेवली. मी तिले ऑटोत बसवून दिलं अन् ऑटो दवाखान्याच्या रस्त्याले लागेपर्यंत उभा राहिलो.

मग आत जाऊन पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत पुन्हा त्याच खुर्चीवर बसलो.