पहिला हेल

धामणगाव बढ्यात कुणाच्या घरी मयत झाली की निरोप सोयऱ्याधायऱ्यांच्या आधी जनकाबाईला जायचा. ती दरवेळी त्या घरची कुणी लागत असे असं नाही. पण बायांमध्ये पहिला हेल काढावा तो जनकाबाईनंच, असं गावात पडून गेलं होतं. ती यायची, मेलेल्याच्या आईच्या नाहीतर बायकोच्या गळ्यात पडायची, आणि एकदा का तिनं नाव घेऊन सूर लावला, की मघापासून नुसत्या बसून राहिलेल्या बायाही हमसून रडायच्या. मेलेला चहात साखर किती घ्यायचा, बैलाला काय म्हणून हाक मारायचा, सगळं त्या रडण्यात यायचं. मग तोंड धुऊन ती घरातल्या लेकरांच्या पोटात काही गेलंय का ते बघायची. ती सोंग करते असं कुणी म्हटलं नाही, कारण सोंग नव्हतंच ते. बाईला खरंच रडू यायचं, आणि कुणाला एकटीनं रडू देणं तिच्या जिवावर यायचं.

मग तिची थोरली लेक पूनम गेली. मलकापूरला दिली होती. काविळीचं निमित्त झालं आणि पाहता पाहता सगळं आटोपलं. गावच्या बाया गाडी करून गेल्या, आणि तिथं सासरच्या बायाही जनकाबाईच्या तोंडाकडे पाहत थांबल्या. ती लेकीच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि गप्प राहिली. आवाजच फुटेना. वाट पाहून बाया आपापल्या परीनं रडल्या, पण त्या रडण्याला धड सूर लागला नाही. धाकटी काजल भिंतीला टेकून उभी होती. आई सुरू करील मग आपण, असं तिचं झालं होतं, आणि तिचं रडायचं राहूनच गेलं.

गावाला काय, विषयच हवा असतो. जगाच्या मयतीत गळा काढणारीनं पोटच्या पोरीसाठी टिपूस गाळलं नाही, म्हणजे आजवरचं सगळं वरवरचंच होतं की काय, असं पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चघळून झालं. नवरा शेषराव गरीब माणूस. तोही एकदा जेवताना म्हणाला की तू एकदाची रडून घे, तुझ्यापायी पोरगी कोंडून राह्यली. जनकाबाईनं काय कमी प्रयत्न केले? पूनमची साडी तोंडाशी धरून मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसून पाहिलं. काही झालं नाही. भाजीत मीठ आहे की नाही हेही तिला कळेनासं झालं होतं. आपण लोकांच्या दारात रडलो ते खोटं होतं का, ही भीती तेवढी यायची, पण तीसुद्धा लांबूनच.

अशातच काजलच्या मलकापूरच्या कॉलेजात पोलंडचे दोघं जण यायचे ठरले. पोलंडला नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ओळखीतून जमवून आणलं होतं. मुंबईहून नागपूरला जाता जाता दोघं मलकापूरला उतरणार होते. तो पियानो वाजवणार आणि ती त्यांच्याकडची गाणी गाणार. काजल स्वयंसेवक होती. तिनं आईला चल म्हटलं आणि जनकाबाई निघाली. हल्ली तिला कुणी ऊठ म्हटलं की ती उठायची आणि बस म्हटलं की बसायची, त्यामुळे आग्रह करावा लागला नाही.

दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुण्यांचं दुसरं प्रास्ताविक. पोलंडच्या त्या दोघांच्या हातातले नारळ कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. अखेर तो नागपूरहून टेम्पोत आणलेल्या विजेवरच्या पियानोवर बसला आणि बराच वेळ एकटाच वाजवत राहिला. लोकांनी माना डोलावून पाहिल्या, मग मोबाइल काढले. जनकाबाई एसटीच्या स्टँडवर बसावं तशी बसून होती.

मग ती बाई पुढं आली. हान्ना तिचं नाव. अंगात साधा काळा झगा, कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे. जनकाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं, हिचा मालक गेला. मालक शेजारी पियानोवर बसलाय हे तिला कोण सांगणार? कॉलेजचे एक सर गाण्याचा अर्थ सांगत होते, पण माइकनं शिट्टी धरली होती आणि तिचं तिकडं लक्षही नव्हतं. हान्नानं एक हात पियानोवर टेकला, डोळे मिटले. आवाज जरासा वर गेला, थांबला, खाली उतरला आणि पुन्हा तिथूनच वर चढू लागला. शब्द एकही कळत नव्हता. पण दम कुठं संपतो आणि तरी बाई पुढं कशी जाते, ते जनकाबाईला कळत होतं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. एवढा हॉल भरलेला, निम्म्या बाया, आणि एक जण उठायला तयार नाही. बाई एकटी रडून राह्यली आणि हे खुर्च्यांवर बसून पाहतात. जनकाबाईला माणसांची लाज वाटली. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि पायऱ्या चढून सरळ स्टेजवर गेली. काजल धावली, तोवर आईनं त्या बाईच्या गळ्यात हात टाकले होते. पियानो थांबला.

सवयीनं जनकाबाईनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. तिनं पुन्हा श्वास घेतला, तरी नाही. मग ती हळूच त्या बाईच्या कानाशी बोलली, पण समोर माइक होता, तो सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"बाई, मले नाई येत आता. माह्या वाटचंबी तूच रड. पूनम नाव होतं तिचं."

हान्ना गोंधळली होती, पण तिनं मिठी सोडवून घेतली नाही. या काय म्हणतात, असं तिनं इंग्रजीत काजलला विचारलं. काजल 'शी सेज' एवढं म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. तिचं तोंड वाकडं झालं, आणि पूनमच्या सासरी राहून गेलेला हेल कॉलेजच्या हॉलमध्ये निघाला.

"ताई व, माह्ये ताई व..."

सर पुढं सरसावले आणि तसेच थांबले. मागं कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि ओशाळून हात खाली घेतले.

जनकाबाईनं पाहुण्या बाईला सोडलं आणि लेकीला कवळ्यात घेतलं. रड बाई, रड, असं म्हणत ती तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिचे स्वतःचे डोळे तेव्हाही कोरडेच होते. पोरीची पाठ हाताखाली हलत होती, तेवढं मात्र तिला कळत होतं.