रफीक सर आणि त्यांचे वाचक

छापलेला लेख लोक आठवड्यात विसरतात. पण तो छापताना आणि छापल्यावर जे होतं, ते आमच्या ऑफिसात साचत जातं! शहरातल्या सदर नावाच्या भागात आमच्या साप्ताहिकाच्या दोन खोल्या आहेत, मी तिथं उपसंपादक. बरेचसे किस्से रफीक सरांचे. सर मराठीचे रिटायर्ड शिक्षक. हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना जरा ओळखावं, म्हणून कॉलम लिहितात.

*

पहिला लेख त्यांनी फार मेहनतीनं लिहिला. टाईप करणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या, "सर, यात 'सलोखा' अकरा वेळा आला. माणूस एकदाही नाही आला!"

सरांनी लेख फाडला. नवा लिहिला शेजारच्या काकूंवर. सर धंतोलीतल्या दवाखान्यात ॲडमिट होते, तेव्हा काकू रोज डबा आणायच्या आणि "मीठ कमी आहे" म्हटलं की रागवायच्या. त्या लेखाला ढीगभर पत्रं आली.

*

एका वाचकाचा फोन. "सर, तुमचं मराठी इतकं चांगलं काहून हो?"

"तीस वर्षं तुमच्याच पोरांच्या वह्या तपासल्या ना!"

*

उमरेडहून परातेंचं पत्र आलं. सरांवर चार पानं नुसता राग. मी ते बाजूला ठेवलं.

"छाप," सर म्हणाले. "त्यानं माझे सगळे लेख वाचले आहेत. असा वाचक मले दुसरा कोण आहे?"

पुढच्या आठवड्यात पराते स्वतःच भांडायला आले. सर त्यांच्याच पत्राचं प्रूफ तपासून राहिले होते. म्हणाले, "बसा. मले शिव्या देतानाही वेलांटी सांभाळत जा!"

पराते दोन तास बसले. अजूनही सरांच्या विरोधात लिहितात. फक्त आमच्याकडे पाठवण्याआधी सरांकडून तपासून घेतात!

*

मागच्या वर्षी सरांना भाड्यानं फ्लॅट हवा होता. एका सोसायटीत गेले. सेक्रेटरीनं नाव विचारलं आणि रिकामा फ्लॅट लगेच "गेला".

सरांनी त्यावर लिहिलं. सोसायटीचं नाव नाही, एरिया नाही. जिना उतरताना बायकोला आता काय सांगायचं, हे ते कसं ठरवत होते, एवढंच.

अंक निघाला त्या दिवशी दुपारपर्यंत पाच सेक्रेटऱ्यांचे फोन आले. सगळ्यांचं एकच. "त्या दिवशी आमचं चुकलंच. फ्लॅट रिकामा आहे, सरांना चावी न्यायला सांगा."

मी पाचही सोसायट्यांची यादी सरांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"अरे, यातल्या एकाही ठिकाणी मी गेलोच नव्हतो!"