लाल रश्श्यातला मोदक

निघालो त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. तिकीट एजंटाने काढलेलं, तारीख बदलेना. आईचे दोन्ही हात उकडीने माखलेले, म्हणून तिने पाठीवर हात न ठेवता कोपरानेच हलकं ढकललं. म्हणाली, "जा. पुढच्या वर्षी मोदक वळायला ये." आम्हा दोघा भावांत पाकळ्या मलाच जमायच्या.

त्याला अकरा वर्षं झाली.

मी मस्कतजवळ अल खौदला, युनिव्हर्सिटीजवळ, कोरियन खाण्याच्या छोट्या दुकानात काम करतो. कोरियन तिथे कुणीच नाही. अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी, मी गुहागरकडचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे कोरियन मालिका बघणारी होस्टेलची मुलं. त्यांना स्वस्तात पोटभर हवं असतं. सगळ्यात जास्त खपते तोकबोकी, म्हणजे लाल तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या बोटभर वळ्या. तयार वळ्या महाग, म्हणून मी पिठीच्या करतो. पहिल्यांदा उकळत्या पाण्यात पिठी घालून झाकण ठेवलं, वाफ आली, आणि कळलं की ही तर आपली उकडच. "गरम असतानाच मळायची, हात भाजला तरी," असं आई सांगायची. ते मी रोज पाळतो. गुडघे मात्र आता फार वेळ उभं राहू देत नाहीत.

गणपती आणि इथलं कॉलेज साधारण एकदमच सुरू होतं. पहिल्या वर्षी रजा नाकारली गेली. तेव्हापासून मी घरी दरवर्षी तेच सांगतो, आणि जूनमध्ये, दुकान ओस पडलं की जाऊन येतो. खरं सांगायचं तर त्यानंतर मी चतुर्थीची रजा कधी मागितलीच नाही. भरल्या घरातून पुन्हा निघणं मला झेपलं नसतं.

यंदा आईचे हात फार कापतात. भावाने नैवेद्याला विकतचे मोदक आणले. फोनवर आईने एवढंच विचारलं, "तुझ्याकडे गर्दी होती ना रे?" मागून भाऊ ओरडला, "त्याला सांग, विकतच्याला पाकळ्या त्याच्यापेक्षा दोन जास्तच आहेत!" सगळे हसले. मीही हसलो.

त्या दुपारी मळता मळता बोटं आपोआप फिरली. परातीत एक मोदक उभा राहिला, आत सारण नसलेला. तो तसाच रश्श्यात गेला. एक मुलगी वाटी घेऊन परत आली. "अंकल, धिस फ्लॉवर... वन मोअर?"

मी हात पुसले आणि अर्बाबांकडे जाऊन पुढच्या चतुर्थीची रजा मागितली. ते मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "जाओ ना. इतने साल क्यों नहीं बोला? यल्ला, चलो, बाहर लाइन है."

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "नवी पिठी दळून ठेवते. नखं कापून ये."

उकड निवली की पाकळ्या फाटतात, हे तिनेच शिकवलंय. तरी अकरा वर्षं ती जणू परातीवर ओलं फडकं झाकून माझी वाट बघत बसली आहे. माझं घर आता तेवढंच उरलंय, त्या फडक्याखाली.