निळ्या रंगाचं दार

आमच्या नाट्यगृहाची दुरुस्ती चाललीय, म्हणून जुन्या नेपथ्याचं सामान आवारात काढून ठेवलंय. परवा बायकोबरोबर तिथून जाताना त्यात एक दार दिसलं, चौकटीसकट उभं. रंगाचे पोपडे निघालेले. वर पिस्ता, खाली गुलाबी, त्याखाली निळा. नवं नाटक आलं की दार तेच, रंग तेवढा नवा.

"निळं होतं तेव्हा यातूनच ती सून घर सोडून गेली," बायको म्हणाली.

लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी पाहिलेलं ते पहिलं नाटक. मध्यंतरात, ही आता जाणार कुठे, या काळजीत आमचे बटाटेवडे हातातच गार झाले होते.

मी दारामागे गेलो. ती बाजू कधी कुणी रंगवलीच नव्हती. नुसतं लाकूड आणि खिळे. आम्हाला मात्र तेव्हा त्यामागे जिना दिसला होता, अंधारा रस्ता दिसला होता.

"चल, उशीर होतोय," मी पलीकडून म्हटलं.

दोन्ही बाजूंना मोकळं आवार होतं. तरी तिने कडी काढली, उंबरा ओलांडला आणि दारातूनच आली. मग वळून ते हलकेच लोटून घेतलं, आत माणसं असावीत तसं.