खोक्यावरचा माणूस

मुळे मॅडम घास हातात धरून थांबायच्या. डबा उघडलेला, पोळी मोडलेली, आणि प्रेसमधून फोन आला नाही म्हणून घास तसाच हवेत. एखादं काम छपाईला गेलं की पहिला छापील कागद हातात येईपर्यंत त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. "छापल्यावर पुसता येत नाही पोरी," म्हणायच्या, "माझ्या जिवाला बरं वाटंना." मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, बाईंना रक्तदाब असावा. पुढं कळलं, रक्तदाब होताच, आणि तो कंपनीनंच दिलेला होता.

वाळूजच्या आमच्या कंपनीत फवारणीचे पंप बनत. त्यांची खोकी, लेबलं, धोक्याचे स्टिकर, पंप कसा वापरायचा ते सांगणारे कागद, हे सगळं करणारा डिझाइन विभाग म्हणजे आम्ही तिघं: मुळे मॅडम, फैयाज आणि मी. बसायची जागा कॅन्टीनच्या मागं, त्यामुळं आमच्या कामाला कायम फोडणीचा वास. विभाग वगैरे आम्हाला कुणी म्हणत नसे, 'चित्रवाले' म्हणत. आणि येणारा प्रत्येकजण एकच पालुपद घेऊन यायचा, "घरचंच काम आहे, पाच मिनिटांचं." अकाउंटवाल्यांच्या भाचीची लग्नपत्रिका घरचीच, गणपतीची आरासही घरचीच. मी चिडायचे. मॅडम समजूत घालायच्या, "चिडू नको. घरचे आहोत म्हणूनच खाली जाऊन पंप हातात घेता येतो. बाहेरचा माणूस फोटो बघून काढील." आणि खरंच, नवा पंप आला की त्या पदर खोचून तो पाठीवर चढवायच्या आणि कारखानाभर फिरून यायच्या. कामगार हसायचे. पण पट्टा खांद्याला कुठं काचतो ते कळल्याशिवाय त्यांची पेन्सिल चालत नसे.

त्या वर्षी मात्र त्यांचं काळीज जास्तच धडधडत होतं. साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, पुण्याच्या एका डिझाइन एजन्सीला बोलावून घेतलं होतं. सगळं काम त्यांना द्यायचं की आम्हाला ठेवायचं, हे दिवाळीनंतर ठरणार होतं. फैयाजला नुकतीच मुलगी झाली होती. मॅडमचा नवरा अंथरुणाला खिळलेला. "तोवर एक चूक नको रे बाबांनो," एवढंच त्या येता-जाता म्हणत.

आणि चूक झाली. त्यांच्याच हातून.

नव्या पंपाच्या खोक्यावर कपाशी फवारणारा माणूस होता आणि वारा कुठून येतो ते दाखवणारे निळे बाण. वारा पाठीशी घेऊन फवारायचं, नाहीतर औषध उलटून तोंडावर येतं. चित्र त्यासाठीच होतं. विक्रीवाल्यांना ऐन वेळी साक्षात्कार झाला, की माणसाचं तोंड कंपनीच्या नावाकडं पाहिजे. मॅडमनी घाईत माणूस फिरवला. बाण राहिले तसेच. पहिला कागद आला तेव्हा त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, रंग उन्हात धरून बघितले, मगच पोळी खाल्ली.

खोकी भरून गोदामात गेल्यावर, एका दुपारी, रिकामं खोकं समोर ठेवून मॅडम जेवत होत्या. एकदम म्हणाल्या, "फैयाज, वारा कुठून येतोय रे?"

"कौनसा वारा मॅडम? पंखा तो बंद हय."

मॅडमनी खोकं त्याच्याकडं सरकवलं. खोक्यावरचा माणूस वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून स्वतःच्याच अंगावर विष उडवत होता, आणि वर हसत होता.

"मॅडम, टेन्शन नक्को लेव," फैयाज हळूच म्हणाला. "माल सगळा गोदामात हाय. थोडासा फक्त लासूर स्टेशनच्या एका दुकानात गेलाय. चुपचाप स्टिकर मारके आते. वर बोलायची काय जरूरत?" त्याचं काय चुकत होतं? एजन्सीचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला, आणि आपण होऊन मान पुढं करायची? पण मॅडम खोकं उचलून जिना चढायला लागल्या. मीही मागोमाग गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "कुणाची तक्रार आली?"

"नाही साहेब."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही."

"मग झालं तर."

"कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे ते तसंच फवारतील, साहेब."

साहेबांनी खोकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "गोदामातला माल थांबवा. आणि मॅडम, हे मी लक्षात ठेवीन." कोणत्या अर्थानं, ते विचारायची छाती कुणाची होती?

दुरुस्तीचे स्टिकर घेऊन माझ्या स्कूटीवरून मॅडमनी आणि मी लासूर स्टेशन गाठलं. सगळा रस्ता मॅडमनी माझा खांदा आवळून धरला होता. दुकानदार म्हणाला, "एकच पंप गेला बघा, आज सकाळी. आसारामनं नेला. पुलाच्या पल्याड शेत हाय त्याचं." मॅडमनी बाकीच्या खोक्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

कपाशी कमरेएवढी वाढली होती आणि वारा चांगलाच सुटला होता. आसाराम लांब दिसत होता, तोंडाला रुमाल, पाठीवर आमचा पंप. तो कोणत्या बाजूला तोंड करून फवारतोय ते उन्हात कळेना. मॅडम चपला सोडून बांधावरून धावत सुटल्या, "ओ दादा! थांबा! थांबा हो!"

जवळ गेलो तेव्हा दिसलं, वारा त्याच्या पाठीशी होता. मॅडमनी खोक्यावरच्या चित्राचं विचारलं.

"चित्र?" तो हसला. "चित्र कोण बघतंय ताई? वारं काय अंगाला कळत नाय व्हय?"

हुश्श! मी तर तिथंच बसकण मारली. तेवढ्यात बांधावर पाणी घेऊन आलेली त्याची बायको बोलली. आमचं रिकामं खोकं तिच्या पायाशी होतं.

"म्या बघितलं की," ती म्हणाली. "मघापून सांगू राहिले यांना, कंपनीनं छापलंय तं इचार करूनच छापलं असंल, तसं उभं ऱ्हावा. आयकतच नाय माणूस."

मॅडमनी त्या बाईचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. ती बिचारी नवऱ्याकडं बघायला लागली, ही कोण, आणि हिला झालं तरी काय. "तुम्ही बघितलंत," मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "तुम्ही खरं मानलंत हो." त्या खोक्यावर स्टिकर शेवटी मीच लावला.

दिवाळीनंतर आमचा विभाग बंद झाला. कारण विचारलं तर खर्च. खोक्याचं कुणी नाव काढलं नाही. मॅडम आता नाहीत. नवऱ्याच्या आधीच गेल्या. पण मॅडम म्हटलं की मला आमचा तो शेवटचा दिवस आठवतो. सामान आवरताना फैयाजला राहवलं नाही. "मॅडम, वर जाऊन बोलला नसता, तर टिकलो असतो ना आपण?"

मॅडम ड्रॉवर रिकामा करत होत्या.

"टिकलो असतो की," त्या म्हणाल्या. "पण परत मला खोक्यावर माणूस काढवला नसता रे."