कच्ची कैद

चिमाजी पळाला असेल, ही शंका इंदुताईंच्या मनातून काही केल्या जाईना. त्यांच्या वकील मुलानं, सयाजीनं, शिक्षेविरुद्ध अपील करून त्याला जामिनावर सोडवलं होतं आणि जामीन राहिले होते इंदुताईंचे यजमान. पिंपरीच्या नव्या कारखान्यांना विटा पुरवणारा चिमाजी दोन दिवस चिंचवडच्या भट्टीवर फिरकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. तळेगावला ज्योतीरामकडे गेलो होतो म्हणाला. भट्टीवरच्या भांडणात चिमाजीनं ज्योतीरामला खड्ड्यात ढकललं होतं, त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. तिथं ज्योतीरामनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मी माझा मीच पडलो म्हणं? तुझ्या वकिलानं अपिलात लिवलंय."

चिमाजीला हे ठाऊकच नव्हतं. वाचता येत नव्हतं, त्यानं अंगठा तेवढा दिला होता.

"ताई, सयाजीरावांना सांगा, अपील मागं घ्या. मी जातो येरवड्याला."

इंदुताई चरकल्या. त्यांनी त्याला समजावलं. निकालाआधी तो कितीतरी महिने कच्चा कैदी म्हणून आत होता, पण ती कैद शिक्षेत धरली नव्हती. अपील चाललं तर वरचं कोर्ट ती धरील, कदाचित झाली तेवढी पुरे म्हणून सोडूनही देईल. मागं घेतलं, तर ते महिने फुकट गेले.

"कच्ची व्हय?" चिमाजी हसला. "कच्ची वीट कोण मोजून घेतं, ताई?"

कायद्यातलं कच्चं वेगळं, असं त्या सांगू लागल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तवा आत बसून मी सगळ्यांना सांगत हुतो, म्या न्हाई ढकलला. खोटं बोलत काढल्याले दिस, त्ये कशाला धरायचे?"

इंदुताई कॉलेजात शिकल्या होत्या, घरात मुलगा वकील. पण स्वतःची शिक्षा कोर्टापेक्षा कडक हिशेबानं मोजणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्याला चहा द्यायचंही त्यांना सुचेना. तो गेला, तरी त्या दारातच उभ्या होत्या.

सयाजीचं हे पहिलंच अपील. तो चिडेल, आई यात पडू नकोस म्हणेल. पोरगा या धंद्यात काय काय लिहायला शिकतोय, हा विचार त्यांना बसू देईना. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. पोस्टात जाऊन पुण्याला त्याच्या कचेरीत फोन लावायचा. अपिलाचं मागाहून बोलता येईल. आधी त्याला एवढंच विचारायचं, की ज्योतीराम आपला आपण पडला, हे तुला सांगितलं कुणी?