गोदाकाकूच्या दारावरचे शब्द

मी कपाशीच्या पऱ्हाटीत गवत निंदत होती, पोरगी धुऱ्यावर झोळीत. जाऊबाई रस्त्यावरूनच वरडली, "अवं, गोदाकाकू गेली व!" माह्या मनात पयले काय आलं सांगू... आता औषध कोन वाचून देईन! लाज वाटते लिहाले, पण तेच आलं.

गोदाकाकू आमची शेजारीन. दवाखान्यात आया होती, नर्सबायांपासून इंग्रजी शब्द शिकली. मी सातवी पास. एबीसीडी जोडून वाचतो, पण अर्थ समजत नाई. पोरगी झाली तवा फवारनीची रिकामी बाटली मी राखेनं घासली अन् तिच्यात मालिशचं तेल भरलं. बूच घट्ट होतं ना, आमच्याइकडं कितीक जनी भरतात. काकूनं पायलं अन् बाटली हिसकलीच.

"वाच, काय लिहून हाय?"

"पॉय...झन."

"म्हंजे जहर! लेकराले जहराच्या बाटलीतलं तेल लावतं काय व, शायने?"

मी रडाले लागली. तिनं बाटलीवरचा कागद सोलला, कणकेच्या चिकट खळीनं आपल्या दारावर चिकटवला, खाली कोळशानं कवटीचं मुंडकं काढलं, मंग मले चहा पाजला. तवापासून जो शब्द नेला तो दारावर. शेक म्हंजे हालव, यूज म्हंजे वापर, ओन्ली म्हंजे फक्त. अन् दर खेपेले एकच बोलनं, "समजलं नाई त देऊ नको. इचार. लोक हासले त हासू दे."

काकू गेल्यावर पंधराक दिवसानं पोरगी खोकलून खोकलून लाल झाली. फळीवर गुलाबी औषधाची बाटली होती. माहा मालक म्हने, "लेकराचंच हाय, दे ना चमचाभर, काहून भेतं?" चमचा भरला बी... बाटलीवर वाचलं, यूज, ओन्ली, पण यूजच्या पयलेचा एक शब्द येईच ना. पोरीले काखेत घेतलं, काकूच्या दाराशी धावली, सारं दार धुंडलं... तो शब्द नाई. घरी येऊन चमचा सांडला, बाटली घेतली अन् एसटीनं मारेगाव गाठलं.

मेडिकलवाला हासला. "अवं बाई, एक्सटर्नल म्हंजे बाहेरून. हे घामोळ्याईले लावाचं, प्याचं नाई!"

हासू दे... खोकल्याचं औषध घेतलं, पोरगी आता बरी हाय.

गुलाबी बाटलीवरचा तो कागद मी सोलला, काकूच्या दारावर सगळ्याईच्या खाली चिकटवला. मुंडकं काई मले जमलं नाई. कोळशानं एक उघडं तोंड काढलं, अन् त्याच्यावर फुली.